संगणकातील सूर कानापर्यंत

ज्या घरांत एकेकाळी रेडिओ, ग्रामोफोन आणि टेपरेकॉर्डर मानाच्या जागी असत, त्या घरांत आता या तिघांचे काम बहुधा एकटा संगणक करतो. गाणे ऐकणे, चित्रपट पाहणे, परगावच्या आप्तांशी बोलणे, वर्गातील व्याख्यान घरी बसून ऐकणे या साऱ्या गोष्टी एकाच यंत्रातून होतात. घर लहान आणि माणसे अधिक, अशी स्थिती बहुतेक ठिकाणी असल्यामुळे हा ध्वनी लाउडस्पीकरपेक्षा हेडफोनमधूनच अधिक ऐकला जातो. एकाच खोलीत एकाने मालकंस ऐकावा, दुसऱ्याने अभ्यास करावा आणि तिसऱ्याने झोप घ्यावी, हे हेडफोनमुळे शक्य झाले आहे.

तथापि अशा श्रोत्यांपैकी पुष्कळांची एक तक्रार असते. गायकाचा आवाज येतो, पण तो पातळ वाटतो. तबल्यातील बायाचा घुमारा जाणवत नाही. तंबोरा आहे की नाही असा संशय येतो. आणि दोन स्वरांच्या मधल्या शांततेत एक बारीक खरखर चालूच राहते. दुकानात चौकशी केली असता अधिक किमतीचा हेडफोन घेण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला कधीकधी योग्य असतो. पण तो ऐकून बरीच रक्कम खर्च केल्यावरही खरखर तशीच राहिल्याचा, किंबहुना अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागल्याचा अनुभव अनेकांना येतो. याचे कारण असे की, संगणकात साठवलेले अंक आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये पाच-सहा टप्पे आहेत. दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे न पाहता केलेला खर्च म्हणजे छप्पर गळत असताना भिंतीला रंग देण्यासारखे आहे.

पहिला टप्पा अंकांचाच. ध्वनी हा हवेच्या दाबात होणारा अखंड चढउतार होय. संगणकाला मात्र तो तुटक अंकांच्या रूपानेच साठवता येतो. म्हणून दर सेकंदाला ठरावीक वेळा त्या चढउताराचे माप घेऊन तो आकडा नोंदवला जातो. 1982 साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर प्रत्येक कानासाठी दर सेकंदाला असे 44,100 नमुने असतात आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेला असतो. निरोगी तरुण कानाला दर सेकंदास सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. एखाद्या तरंगाची पुन्हा अचूक उभारणी करण्यासाठी त्याच्या कंप्रतेच्या, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या, दुपटीपेक्षा अधिक नमुने पुरेसे असतात. हा सिद्धान्त क्लॉड शॅनन यांनी 1949 साली सिद्धतेसह मांडला. त्याचे बीज हॅरी नायक्विस्ट यांच्या 1928 च्या लेखात आहे. ‘अंकांमुळे तरंग पायऱ्यापायऱ्यांचा होतो आणि म्हणून संगीत खडबडीत वाटते’ हा समज अजूनही ऐकू येतो, पण तो खरा नाही. रूपांतराच्या वेळी या पायऱ्या गाळल्या जातात आणि बाहेर पडतो तो गुळगुळीत तरंगच असतो.

मग अधिक नमुने आणि अधिक बिट असलेल्या महागड्या ध्वनिफिती घेतल्याने काय साधते? ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाला त्यांचा उपयोग आहे, कारण त्याला पुढे त्यांवर संस्कार करावयाचे असतात. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने लाभ अत्यल्प आहे. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा उच्च दर्जाच्या मुद्रणाचा ध्वनी थेट, आणि कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापातून मुद्दाम फिरवून, अशा दोन्ही रीतींनी श्रोत्यांना ऐकवला. 554 वेळा केलेल्या चाचण्यांत बरोबर उत्तरे 276 आली. नाणे उडवूनही साधारण तेवढीच आली असती.

याउलट नमुने कमी करून नव्हे, तर माहिती वगळून लहान केलेल्या फाईली काळजीपूर्वक निवडाव्या लागतात. कॉम्पॅक्ट डिस्कवरून दर सेकंदाला 14,11,200 बिट बाहेर पडतात. 1990 च्या सुमारास जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत व अन्यत्र झालेल्या कामातून एमपी3 ही पद्धत निघाली. मोठ्या स्वराच्या सावलीत जो लहान स्वर कानाला ऐकूच येत नाही तो साठवायचाच नाही, हे तिचे तत्त्व. दर सेकंदाला 320 हजार बिट ठेवले तर मूळ आणि प्रत यांतील भेद ओळखणे बहुतेकांना जमत नाही. 128 हजार बिटांवर आणले, म्हणजे जवळजवळ अकरावा हिस्सा ठेवला, की टाळ, झांज आणि टाळ्यांचा कडकडाट यांत एक प्रकारचा ओलसर खरखरीतपणा येतो. त्याहून वाईट म्हणजे अशी लहान केलेली फाईल पुन्हा दुसऱ्या पद्धतीने लहान करणे. दोन्ही वेळा वगळलेले भाग वेगवेगळे असतात आणि हानी साचत जाते. एकदा गेलेली माहिती कोणत्याही यंत्राने परत येत नाही. स्वतःच्या संग्रहातील डिस्क संगणकावर उतरवून घ्यावयाच्या असतील तर 2001 पासून उपलब्ध असलेल्या फ्लॅकसारख्या निर्हानी पद्धतीचा उपयोग करणे उत्तम. ती जागा वाचवते, पण एकही बिट टाकून देत नाही.

येथे जुन्या ध्वनिमुद्रणांविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. 1902 साली फ्रेड गायस्बर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले ते कर्ण्यात गाऊन घेऊन. विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू झाले ते 1925 पासून. कर्ण्याच्या काळातील तबकड्यांवर सुमारे दोनशे ते अडीच हजार कंपने एवढाच पट्टा उतरलेला आहे. अशी तबकडी उत्तमोत्तम हेडफोनवर ऐकली तरी तीत खर्जाचा घुमारा येणार नाही, तो मुळात कोरलेलाच नाही. घासण्याचा आवाज मात्र अधिक ठळक येईल. अशा संग्रहाच्या श्रोत्याने हेडफोनला दोष देऊ नये.

संगणक मुळात संगीतासाठी घडवलेला नाही. 1981 सालच्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात एक छोटासा स्पीकर होता आणि तो सूचनेपुरती पिपाणी वाजवी. 1989 साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर हे पटल विकावयास आणले. त्यानंतर ध्वनीसाठी स्वतंत्र पटल बसवण्याची प्रथा पडली. आणि 1997 साली इंटेलने मांडलेल्या मानकानंतर ध्वनीची चिप मदरबोर्डवरच येऊ लागली, स्वतंत्र पटलाची गरज सर्वसामान्य घरात संपली. किंमत उतरली, हा मोठाच लाभ झाला. परंतु संगीताचा नाजूक विद्युत् संकेत आता ज्या पेटीतून जाऊ लागला, तीत दर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करणारा प्रक्रियक, फिरते पंखे आणि वीज तोडून-जोडून पुरवठा करणारी मंडले शेजारीच असतात.

माऊस हलवला की कानात बारीक किरकिर होणे, पडद्यावरील मजकूर सरकवताना तिचा सूर बदलणे, ही या शेजाराची लक्षणे होत. हा गोंगाट अंकांत नसतो. अंकांचे तरंगात रूपांतर झाल्यानंतर, म्हणजे संकेत दुर्बल आणि उघडा झाल्यावर, तो त्यात मिसळतो. मेजावर ठेवण्याच्या संगणकात पहिला उपाय फुकटचा आहे. पुढच्या बाजूच्या सॉकेटला जाणारी तार पेटीच्या आतून मदरबोर्डवरून गेलेली असते आणि वाटेत पुष्कळ काही गोळा करते; हेडफोन मागच्या सॉकेटात लावला की कित्येकदा निम्मी तक्रार मिटते. त्यानेही भागले नाही तर रूपांतराचे कामच पेटीबाहेर न्यावे. यूएसबीच्या तारेतून अंक बाहेर पडतात आणि बोटाएवढ्या डबीत त्यांचा तरंग होतो. बाजारात या डबीला ‘डॅक’ म्हणतात. अंकांना किरकिर चिकटली तरी त्यांचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे गोंगाटाचे शेजार तुटते. आजच्या अशा साध्या, स्वस्त डब्यांपैकी कित्येकींची मापे एके काळच्या महागड्या यंत्रांना लाजवतील अशी असतात, आणि या एका बाबतीत थोडक्या पैशात खरोखर मोठा पालट घडतो.

गोंगाटाचा दुसरा प्रकार म्हणजे गुणगुण. भारतात घरगुती वीज दर सेकंदास 50 आवर्तनांची असते. म्हणून 50, 100, 150 या कंप्रतांचा सलग घुमणारा सूर कानात आला की तो विजेच्या तारांतून आला आहे असे समजावे. बाहेरचा विवर्धक (ॲम्प्लिफायर) आणि संगणक दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेत असले, की अर्थिंगच्या तारांतून एक वेटोळे तयार होते आणि त्यात हा सूर खेळू लागतो. दोन्ही यंत्रे एकाच पट्टीवर जोडल्याने तो बहुधा जातो. मांडीवरचा संगणक चार्जर काढून विजेरीवर चालवून पाहणे ही तर क्षणाची परीक्षा आहे. आवाज थांबला तर दोष चार्जरच्या वाटेने येतो हे सिद्ध झाले. जुन्या घरांत तीन छिद्रांचे सॉकेट असते पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते, असे पुष्कळदा आढळते. ते दुरुस्त करून घेणे हे संगीतासाठी नव्हे, तर जिवाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. गुणगुण घालवण्यासाठी अर्थिंगची पिन तोडण्याचा जो उद्योग काही जण करतात तो घातक आहे.

यंत्राच्या आधी मात्र यंत्रणेची मांडणी पाहावी. संगणकावर एकाच वेळी गाणे, सूचनेची घंटा आणि चित्रफीत वाजू शकते, कारण कार्यप्रणाली हे सारे आवाज एकत्र करून एकाच गतीने पुढे पाठवते. गाणे 44,100 नमुन्यांचे आणि मांडणी 48,000 ची असेल तर प्रत्येक नमुना नव्याने मोजावा लागतो. हे गणित पूर्वी घाईघाईने उरकले जाई आणि त्याचा परिणाम ऐकू येई. आज ते बरेच काटेकोर होते, तरीही दोन्ही आकडे जुळवून ठेवण्यास काही लागत नाही. याहून महत्त्वाची बाब म्हणजे ‘सुधारणा’ या नावाखाली आपोआप चालू असलेल्या करामती. कृत्रिम घुमारा, खर्जवाढ, लहानमोठ्या आवाजांची बरोबरी, यांतील शेवटची तर ख्यालाचा प्राणच घेते. आलापातील हळू स्वर आणि तानेतील जोरकस स्वर एकाच उंचीवर आणून ठेवल्यावर उरते ते केवळ सुरांचे पीठ. या सर्व करामती प्रथम बंद कराव्यात आणि मग ऐकावे. नवा हेडफोन घ्यावयास निघालेल्या कित्येकांचा खर्च या एका कृतीने वाचेल.

आवाज लहानमोठा करण्याच्या जागा एकाहून अधिक असतात हेही लक्षात घ्यावे. बाहेरचा विवर्धक असेल तर संगणकाचा आवाज वरच्या बाजूस ठेवून विवर्धकाची खुंटी खाली घ्यावी. संकेत मोठा असला की त्याच्या मानाने वाटेतील गोंगाट लहान पडतो. उलट मांडणीत दुर्बल संकेत आणि गोंगाट दोन्ही एकदमच मोठे होतात. ही जुळणी हेडफोन कानावर नसताना करावी.

आता या विषयातील सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत समजून घेण्याजोग्या भागाकडे वळता येईल. हेडफोनच्या खोक्यावर ‘32 ओहम’, ‘250 ओहम’, ‘300 ओहम’ असे आकडे छापलेले असतात. हा त्याचा संरोध, म्हणजे विद्युत् प्रवाहाला होणारा विरोध. हेडफोनच्या आत चुंबकाच्या फटीत बारीक तारेचे वेटोळे असते. त्याला पातळ पटल चिकटवलेले असते. वेटोळ्यातून प्रवाह वाहिला की ते पुढेमागे सरते आणि पटल हवेला ढकलते. या प्रकारचा पहिला हेडफोन बर्लिनच्या बायर यांनी 1937 साली बनवला, आणि अमेरिकेत जॉन कॉस यांनी 1958 साली तो स्टिरिओ संगीतासाठी घरात आणला. मूळ रचना आजही तीच आहे. वेटोळ्याची तार जितकी बारीक आणि फेरे जितके अधिक, तितका संरोध अधिक.

एक व्होल्ट दाब 32 ओहमांच्या हेडफोनला दिला तर त्याला सुमारे 31 मिलिवॉट शक्ती मिळते, आणि तोच दाब 300 ओहमांच्या हेडफोनला दिला तर जेमतेम 3.3 मिलिवॉट. संगणकाच्या सॉकेटातून मिळणारा दाब बहुधा एक व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तेव्हा 300 ओहमांचा हेडफोन संगणकाला थेट लावला की आवाज लहान येणार, हे उघड आहे. पण तेवढ्यावरून विवर्धक घ्यावाच लागेल असे ठरत नाही. प्रश्न असतो तो हेडफोन एका मिलिवॉटला किती मोठा वाजतो, हा. तो 100 डेसिबेल वाजत असेल तर 3.3 मिलिवॉटला 105 डेसिबेल मिळतात, आणि ते कोणत्याही समंजस श्रोत्याला पुरून उरतात. तोच 90 डेसिबेल वाजणारा असेल, तर संगीतातील जोरदार आघातांसाठी दाब अपुरा पडतो, तबल्याची थाप बोथट होते आणि विवर्धकाची गरज खरीखुरी ठरते. खोक्यावरील दोन आकडे एकत्र वाचल्याशिवाय विक्रेत्याचे म्हणणे मानू नये.

संरोधाची दुसरी करामत अधिक सूक्ष्म आहे. सॉकेटलाही स्वतःचा अंतर्गत संरोध असतो. काही यंत्रांत तो एक-दोन ओहम, तर काहींत शंभर ओहमांच्या घरात असतो. 1996 च्या एका आंतरराष्ट्रीय मानकात तर 120 ओहमांची शिफारस होती. विद्युत् दाब या दोन संरोधांत वाटला जातो. हेडफोनचा संरोध सर्व कंप्रतांना सारखा असता तर केवळ आवाज थोडा लहान झाला असता आणि प्रश्न मिटला असता. पण तो सारखा नसतो. पटल ज्या कंप्रतेला आपणहून डोलू पाहते, त्या अनुस्पंदनाच्या जागी, बहुधा शंभर कंपनांच्या आसपास, तो एकदम वाढतो.

एक उदाहरण घेऊ. 32 ओहमांच्या हेडफोनचा संरोध या जागी 64 ओहम होतो असे मानले आणि सॉकेटचा संरोध 100 ओहम असला, तर इतरत्र दाबाचा 132 पैकी 32, म्हणजे सुमारे 24 टक्के वाटा हेडफोनला मिळतो आणि अनुस्पंदनाच्या जागी 164 पैकी 64, म्हणजे 39 टक्के. हा फरक चार डेसिबेलचा आहे. बायाचा गुंजारव फुगतो, पुरुषाचा आवाज घशात अडकल्यासारखा होतो, आणि श्रोता म्हणतो की हेडफोनच वाईट आहे. तोच हेडफोन एक ओहमाच्या सॉकेटला लावला तर हा फरक डेसिबेलच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका उरतो. तो कोणालाही ऐकू येणार नाही. यावरूनच जाणकारांत एक ढोबळ नियम रूढ झाला आहे, की सॉकेटचा संरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक अष्टमांशापेक्षा अधिक नसावा. कानात खोल बसणाऱ्या, आत दोन-तीन निरनिराळी पटले असलेल्या इअरफोनना हा नियम विशेष लागू पडतो, कारण त्यांचा संरोध कंप्रतेगणिक फारच वरखाली होतो. एकच इअरफोन भ्रमणध्वनीवर सुरेल आणि संगणकावर बेसूर का वाटतो, या कोड्याचे उत्तर बहुधा येथेच असते.

महागड्या तारांविषयी मात्र जेवढे बोलले जाते तेवढे त्यांत काही नसते. सोन्याचा मुलामा गंज धरत नाही, दमट हवेत तो उपयोगी आहे. त्यापलीकडे मीटरभर तांब्याच्या तारेने स्वर पालटत नाही.

हेडफोन स्वतः कसा असावा? किंमत आणि ध्वनीची गुणवत्ता यांचा संबंध लोक मानतात तितका घट्ट नाही. येरून ब्रेबार्ट यांनी 2017 साली 283 हेडफोनांची मापे तपासली, तेव्हा निरनिराळ्या कंप्रतांना ते कसा प्रतिसाद देतात याचा त्यांच्या किमतीशी काही संबंध आढळला नाही. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी 2012 पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले लाउडस्पीकर जसे ऐकू येतात, त्याच्या जवळ जाणारा हेडफोन बहुसंख्य श्रोत्यांना आवडतो. हा प्रतिसाद मूळ हेडफोनमध्ये नसला तर संगणकावरील समतोलकाने, म्हणजे कंप्रतेच्या निरनिराळ्या पट्ट्यांना कमीजास्त करणाऱ्या साधनाने, त्याच्या बराच जवळ जाता येते. संगणकाला हेडफोन लावण्याचा हा एक खास लाभ आहे आणि तो फुकट आहे. एवढेच की एखादा पट्टा सहा डेसिबेल वाढवावयाचा असेल तर एकूण पातळी आधी सहा डेसिबेल उतरवून ठेवावी, नाहीतर तरंगाची शेंडी कापली जाऊन आवाज फाटतो.

बंद आणि उघडा असे हेडफोनचे दोन वर्ग आहेत. 1968 साली सेनहायझर कंपनीने पाठीमागून उघडा असा पहिला हेडफोन आणला. अशा हेडफोनमधून संगीत मोकळे, डोक्याबाहेर पसरल्यासारखे वाटते आणि कान तापत नाहीत. पण बाहेरचे सारे आत येते आणि आतले शेजाऱ्यालाही ऐकू जाते. डोक्यावर पंखा आणि खिडकीखाली रस्ता, अशा भारतीय खोलीत बंद हेडफोन अधिक व्यवहार्य ठरतो, मग उन्हाळ्यात गाद्या घामाने भिजल्या तरी. या गाद्यांकडे कोणी पाहत नाही. त्या कानाभोवती घट्ट बसल्या तरच खर्ज टिकतो. चष्म्याच्या काडीने फट पडली, किंवा दमट हवेत गादीचे आवरण फुटून आतला स्पंज बसला, की खालचा पट्टा गळून जातो. नवी गादीजोडी हेडफोनच्या किमतीच्या अंशात मिळते. कानात बसणाऱ्या इअरफोनची रबरी टोपी योग्य मापाची आहे की नाही, हाही तसाच प्रश्न. खोक्यातील तीन मापांपैकी मधले लावून वर्षानुवर्षे ऐकणारे आणि ‘यात खर्ज नाही’ म्हणणारे लोक थोडे नाहीत.

बिनतारी हेडफोनच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना चकित करते. गाणे छान चालू असते आणि संगणकावर संभाषण सुरू होताच तेच गाणे टेलिफोनवरून येत असल्यासारखे वाटू लागते. हेडफोनवरील ध्वनिग्राहक चालू झाला की पुष्कळ जुळण्यांत ब्लूटूथ संगीताची पद्धत सोडून बोलण्याची पद्धत पकडते, आणि तीत दर सेकंदाला आठ किंवा सोळा हजार नमुन्यांचा एकच मार्ग उरतो. संगणकाला वेगळा ध्वनिग्राहक नेमून दिला की हेडफोन आपले मूळ काम करू लागतो.

एवढे सारे झाल्यावर सुधारणा झाली की नाही, हे ठरवावे कसे? भारतीय श्रोत्याजवळ यासाठी एक उत्कृष्ट साधन आहे, ते म्हणजे तंबोरा. काळी एक या पट्टीत गाणाऱ्याचा षड्ज सुमारे 139 कंपनांचा असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे 69 कंपनांवर. या तारेचा बहुतेक नाद मूळ कंप्रतेत नसून तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या उपस्वरांत असतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 सालच्या भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात तंबोरा आणि वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीकडे लक्ष वेधले. सामान्य तारेला जेथे छेडावे, तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटत नाही. या वाद्यांत मात्र तोही जोमाने उमटतो, असे त्यांना आढळले. जवारी लागलेल्या तंबोऱ्यातून जो प्रकाशासारखा नाद निघतो तो याच भरगच्च उपस्वरांचा.

म्हणून हलक्या इअरफोनवर 69 कंपने मुळीच पोहोचली नाहीत तरी खर्जाचा भास होतो. वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा स्वर आपणच भरून काढतो. चांगल्या हेडफोनवर हा भास प्रत्यक्षात येतो. खर्जाची तार वाजल्यावर कानाशी हवेचा सौम्य दाब जाणवावा, जोडाच्या दोन तारांतील किंचित फरकाने होणारी लाट मोजता यावी, आणि नाद विरत जाताना उपस्वर एकामागून एक मालवताना ऐकू यावेत. ते शेवटपर्यंत ऐकू आले आणि मग खरखर नव्हे तर शांतता आली, तर आधीचे सर्व टप्पे ठीक आहेत. नुसत्या तंबोऱ्याचे पाच मिनिटांचे चांगले मुद्रण या कामी कोणत्याही गाजलेल्या चित्रपटसंगीतापेक्षा उपयोगी पडते.

दोन यंत्रांची तुलना करताना मात्र कान फसवतो. एखादा डेसिबेल मोठा वाजणारा ध्वनी मोठा वाटत नाही, तर अधिक चांगला, अधिक भरीव वाटतो. दुकानात महागडे यंत्र किंचित मोठ्या आवाजात वाजवून दाखवले जाते ते उगाच नव्हे. दोन्हींचा आवाज सारखा करावा, घरातील कोणाला तरी तारा बदलावयास सांगावे, आणि कोणते यंत्र चालू आहे हे न पाहता दहा-बारा वेळा ओळखून पाहावे. ओळखता आले नाही तर स्वस्त यंत्र ठेवून पैसे परत घ्यावेत.

आणखी एक मोजमाप असे आहे की जे चुकले तर दुरुस्त होत नाही. जन्मतः प्रत्येक कानाच्या शंखात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या 2019 च्या मानकानुसार प्रौढाने आठवड्यात 80 डेसिबेल पातळीवर चाळीस तास, आणि मुलांनी 75 डेसिबेलवर चाळीस तास, ही मर्यादा आहे. पातळी तीन डेसिबेलने वाढली की वेळ निम्मा होतो. 83 ला वीस तास, 86 ला दहा. आणि 95 डेसिबेलवर, जी पातळी रस्त्याचा गोंगाट दाबण्यासाठी सहज गाठली जाते, सव्वा तास. संगणकाच्या पडद्यावरील टक्केवारीवरून यातील काहीच कळत नाही, कारण तेच पन्नास टक्के एका हेडफोनवर 70 डेसिबेल असतात तर दुसऱ्यावर 95. संवेदनशील इअरफोनला जोरदार विवर्धक जोडण्यात याच कारणाने धोका आहे. ऐकून उठल्यावर कानात शीळ वाजत राहिली, किंवा शेजारच्या माणसाचे बोलणे काही काळ दबलेले वाटले, तर त्या दिवसाची मर्यादा ओलांडली गेली असे समजावे. मग खिडकी लावून, पंखा एक घर खाली आणून किंवा बंद हेडफोन वापरून तेच गाणे लहान आवाजात ऐकता येते, आणि तंबोराही त्यात ऐकू येतो.